आधी त्या फायलीबद्दल बोलू

पत्र : ताई, माझे मिस्टर अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवतात. वय ४८. गेलं दीड वर्ष ते पूर्वीचे राहिलेच नाहीत. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. जेवण निम्म्यावर आलंय. पोटात जळजळ, छातीत धडधड म्हणून एन्डोस्कोपी, ईसीजी, टूडी इको सगळं केलं, सगळं नॉर्मल. कुणाशी बोलत नाहीत, लग्नकार्याला मी एकटीच जाते. शाळेत मुलांवर खेकसायला लागले म्हणून हेडमास्तरांनी समजावलं, आता अर्धपगारी रजेवर आहेत. व्यसन नाही, फार कर्ज नाही. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे. नणंद म्हणते, सगळं असून सुख दुखतंय. मुलगी २३ वर्षांची, स्थळं बघतोय. मुलगा दहावीला. आमच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा म्हणून सुचवलं होतं, पण गावात कळलं तर मुलीचं कसं व्हायचं? मी सगळ्यांना पित्ताचा त्रास आहे असंच सांगते. अलीकडे मात्र जरा बरं चिन्ह दिसतंय. गेल्या आठवड्यात त्यांनी पॉलिसी, पासबुकं, सातबारा, एफडीच्या पावत्या सगळं एका फायलीत नीट लावलं आणि मला दाखवलं. म्हणाले, तुला माहीत असलेलं बरं. त्यानंतर शांत आहेत. मन खंबीर करा हे त्यांना कसं पटवू? आणि डॉक्टरकडे न्यायचंच झालं तर कुणाला न कळता कसं नेऊ?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी त्या फायलीबद्दल बोलू. पत्रात जी गोष्ट तुम्ही बरं चिन्ह म्हणून लिहिलीत, तीच वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली.

दीड वर्ष ज्यांचं कशात लक्ष नाही, ते एके दिवशी बसून सगळे कागद क्रमाने लावतात, बायकोला दाखवतात आणि मग शांत होतात. हा नुसता नीटनेटकेपणा असू शकेल. गणिताचे शिक्षक आहेत, सवयच तशी असेल. पण खूप दिवसांच्या तगमगीनंतर केलेली निरवानिरव आणि तिच्यामागून अचानक आलेली शांतता, हे जीव द्यायचा विचार पक्का होत असल्याचंही लक्षण असू शकतं. यातलं खरं कोणतं ते तुम्ही-मी अंदाजाने ठरवायचं नाही. त्यांनाच विचारायचं, आणि आजच विचारायचं. मुलं झोपली की शेजारी बसा आणि साध्या शब्दांत म्हणा, "तुम्ही ती फाईल लावून दिलीत तेव्हापासून मला भीती वाटतेय. जगणं नकोसं वाटतं का तुम्हाला? जीव द्यावा असं मनात येतं का?"

विचारल्याने भलतंच मनात येईल, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. ज्याच्या मनात ते नाही त्याच्या मनात तुमच्या प्रश्नाने ते शिरत नाही, आणि ज्याच्या मनात आहे त्याला कुणीतरी ओळखलं म्हणून बहुतेक वेळा सुटल्यासारखं होतं. ते हो म्हणाले, नुसती मान हलवली, किंवा गप्प राहून डोळ्यांत पाणी आलं, तर शपथा घालू नका, मुलांची नावं घेऊन ओरडू नका. त्यांना एकटं सोडू नका, माहेरचं किंवा सासरचं एक विश्वासाचं माणूस बोलावून घ्या आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रात्र असेल तर अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो, १०८ची रुग्णवाहिका येते. ते नाही म्हणाले तरी डॉक्टरांची भेट याच आठवड्यात घ्यायची. मग ती पुढच्या महिन्यावर जाऊ द्यायची नाही.

आणखी एक काम त्यांना विचारण्याच्याही आधी करा. सातबारा आहे म्हणजे शेती आहे, आणि शेती आहे म्हणजे घरात किंवा गोठ्यात फवारणीचं औषध असणार. ते आजच भावाकडे किंवा शेजारच्या शेतकऱ्याकडे हलवा. झोपेच्या गोळ्यांची पाकिटं, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या तुमच्या कुलपात. ही अतिरेकी काळजी नाही. असा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो, आणि त्या घटकाभरात हाताशी काही नसणं यावर माणूस वाचतो.

पोलिसांची भीती अनेकांना गप्प बसवते, म्हणून तेही सांगून टाकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ११५नुसार जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो. त्याला शिक्षा करण्याऐवजी त्याची देखभाल, उपचार आणि पुनर्वसन करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. आणि नुसता विचार मनात येणं हा तर कधीच गुन्हा नव्हता.

आता तुमचा पहिला प्रश्न, मन खंबीर करण्याचा.

पहाटे तीनला उठून छताकडे बघत बसायचं, तरीही आठला शाळेत उभं राहायचं, असं तुमच्या मिस्टरांनी वर्षभराहून जास्त काळ केलं. यापेक्षा खंबीर माणूस मला माहीत नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं, म्हणजे लवकर जाग येणं, भूक जाणं, माणसं नकोशी होणं, चिडचिड आणि तपासण्यांत काही न सापडणारी पोटाची व छातीची दुखणी, एकत्र धरलं तर नैराश्याची शंका येतेच. पुरुषांत तर ते रडण्यापेक्षा चिडचिडीतून आणि पित्तातूनच जास्त दिसतं. निदान मी करणार नाही, ते डॉक्टर करतील. ते थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ही तपासतील, कारण त्यांच्या कमतरतेनेही माणूस असा मलूल होतो. पण कारण काहीही निघालं तरी 'मन खंबीर करा' हे वाक्य आजपासून घरात बंद. आजारी माणसाच्या कानात ते 'तू कमी पडतोयस' असं वाजतं, आणि हे तर तो स्वतःला दिवसभर सांगतच असतो. तीच गोष्ट 'सुख दुखतंय'ची. नणंदबाईंना वाद घालून काही सांगू नका. तुमच्याकडे तेवढी ताकद उरलेली नाही.

त्याऐवजी करायचं काय, याचं चांगलं उत्तर गोव्यात सापडलं आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेने मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक साधा उपचार तपासून पाहिला. उपचार देणारी माणसं डॉक्टर नव्हती, मानसशास्त्राची पदवीही त्यांच्याकडे नव्हती. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी, काही केंद्रावर, काही रुग्णाच्या घरी. मुख्य सूत्र एवढंच की मन लागेल तेव्हा काम करू असं थांबायचं नाही. अगदी छोटं काम ठरवून करायचं, मन मागून येतं. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले: तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात ३९ टक्के.

तुमच्या घरात याचा अर्थ असा. 'चला, जरा फिरून या, बरं वाटेल' असं म्हणू नका. 'संध्याकाळी सहाला आपण दोघं विहिरीपर्यंत जाऊन येऊ' असं म्हणा, आणि उठून चप्पल घाला. बरं वाटलं का हे परत आल्यावर विचारू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा. मुलाची बीजगणिताची दोन उदाहरणं त्यांच्यापुढे ठेवा, वीस नकोत. हे औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. दीड वर्ष मुरलेल्या आणि फाईल लावण्यापर्यंत आलेल्या त्रासाला नुसतं फिरणं पुरणार नाही.

दुसरा प्रश्न, कुणाला कळू न देण्याचा. इथे मी तुमच्याशी जरा भांडणार आहे.

तुम्ही हे सगळं मुलीच्या लग्नासाठी झाकलंत. पण झाकल्याने काय काय गेलं ते एकदा नीट बघा. पगार अर्धा झाला, आणि तोही निदान नाही म्हणून. वैद्यकीय दाखला असेल तर खात्यावरची अर्धपगारी रजा परिवर्तित करून पूर्ण पगाराची घेता येते. किती शिल्लक आहे ते शाळेच्या क्लार्कला विचारा. पित्ताच्या तपासण्यांवर किती पैसे गेले, ते तुम्हाला ठाऊक. लग्नकार्याला तुम्ही एकट्या जाता, म्हणजे लोकांनी बघितलंच आहे. दीड वर्ष पित्त असतं यावर गावात कुणाचाही विश्वास बसत नाही. तुमच्या पाठीमागे लोक दारूचं, कर्जाचं, नाहीतर बाहेरच्या बाईचं नाव घेत असतील. आजार लपवून तुम्ही अब्रू राखली नाही, अफवेला मोकळी जागा करून दिलीत. कडक बोलले, पण कुणीतरी बोलायला हवं होतं.

पैशाच्या हिशेबात न बसणारी खर्चाची बाजू आणखी मोठी आहे. तुमचा मुलगा दहावीत आहे. वडिलांसाठी फोन आला की काय सांगायचं, कोण आलं तर 'बाबा झोपलेत' कधी म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलं नसेल तरी तो शिकला असेल. घरात आवाज न करता वावरणारी मुलं शहाणी म्हणून कौतुकाची होतात. ती शहाणी नसतात, धास्तावलेली असतात. आणि आपल्याच चुकीने बाबा असे झाले, असं या वयातली पुष्कळ मुलं मनाशी धरून बसतात. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्यातल्या आया बऱ्या झाल्या तेव्हा त्यांच्या मुलांच्या तक्रारीही तीन महिन्यांत कमी झालेल्या दिसल्या. त्यात आया होत्या, वडील नव्हते. पण मला वाटतं तुम्हाला मुद्दा कळेल. तुमच्या मिस्टरांचा उपचार हा मुलाच्या दहावीचाही उपचार आहे.

शाळेतल्या ज्या मुलांवर ते खेकसले, ती मुलं गणिताला घाबरायला लागली असतील. सहकाऱ्यांनी आधी तास वाटून घेतले असतील, मग कंटाळले असतील. मित्रांनी चार वेळा बोलावलं, पाचव्यांदा सोडून दिलं. यात कुणी वाईट नाही. पण बरं होऊन माणूस परत येतो तेव्हा त्याची खुर्ची, त्याचा कट्टा, त्याची पत्त्यांची जोडी जाग्यावर नसते, आणि उपचाराला जितका उशीर तितकं हे परतणं अवघड. शरीरही थांबत नाही: अनेक वर्षं रेंगाळलेल्या नैराश्याने हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि मधुमेह असेल तर पथ्य-औषधांत हयगय होतेच.

तुम्ही एकट्याच असं झाकता असंही नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा नैराश्य असलेल्या शंभरातले सुमारे पंच्याऐंशी जण उपचाराविना असल्याचं आढळलं. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण आपण फार वेगळे असू असं समजायला जागा नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. आधी तिथे नैराश्य असलेल्या शंभरातले चार-पाच जणच मदत घेत होते. गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन बोलायला सुरुवात केल्यावर हे प्रमाण सत्तावीसवर गेलं. लोकांना मदत नको असते हे खरं नाही. उघडपणे कुणी बोलत नाही, म्हणून कुणी जात नाही.

तर आता न्यायचं कसं. तुमच्या डॉक्टरांनी ज्यांचं नाव सुचवलं त्यांच्याकडे जा. गाव सोडून जायचं असेल तर सोलापूरला जा. तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. मिस्टरांना फसवून नेऊ नका, 'पोटासाठी दाखवायला' असं सांगून भलत्याच दारात उभं करू नका. विश्वास एकदा गेला की गोळ्याही जातात. पण सुरुवात पोटाने आणि झोपेने करायला हरकत नाही, कारण तोच त्यांचा खरा त्रास आहे. असं म्हणा, "झोप आणि पोट, दोन्ही बिघडलीत, आणि सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्यात. म्हणजे बघायचं राहिलंय ते मेंदूच्या बाजूचं. हे डॉक्टर त्यातले आहेत. मी बरोबर आहे, एकदाच जाऊन येऊ." नकार आला तर त्याच दिवशी भांडू नका, दोन दिवसांनी पुन्हा म्हणा. मात्र जीव द्यायचा विचार त्यांनी कबूल केला असेल तर ही सवलत नाही; मग त्याच दिवशी न्यायचं.

जाताना एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, झोप किती, वजन किती उतरलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घराण्यात आधी कुणाला असं झालं होतं का, आणि त्या फायलीची गोष्ट. तपासणीत माणूस 'तसं बरंय' म्हणून मोकळा होतो, म्हणून कागद हवा. तिथे काय बोललं गेलं ते डॉक्टरांनी गुप्त ठेवायचं, हाही त्याच २०१७च्या कायद्यातला रुग्णाचा हक्क आहे; शाळेला कुणी फोन करून सांगणार नाही. तुमची मेडिक्लेम पॉलिसी असेल तर मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असंही तो कायदा सांगतो. पॉलिसीचे कागद आता फायलीत आहेतच, तेवढा तरी तिचा उपयोग होऊ द्या.

गोळ्यांबद्दल तुमच्या कानावर बरंच काही येईल. नैराश्याच्या गोळ्या पहिल्या दिवशी गुण देत नाहीत; दोन ते चार आठवडे लागतात. उलट पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी होऊ शकते, आणि नेमकं तेव्हाच लोक 'सूट झालं नाही' म्हणून बंद करतात. डॉक्टरांना फोन करा, परस्पर बंद करू नका. बरं वाटायला लागलं तरी पुढे सहा महिने किंवा जास्त घ्याव्या लागतात, आणि थांबवताना हळूहळू कमी करतात. त्यांची सवय लागत नाही. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, ज्या मेडिकलवाला कधीकधी चिठ्ठीशिवाय देतो. त्या मनाने आणून देऊ नका. आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत लक्ष जास्त ठेवा, कमी नको. अंगात हुशारी आधी येते, मनातला काळोख नंतर जातो. मधल्या दिवसांत गोळ्यांचं कुलूप काढायचं नाही.

सासूबाईंना अंगारा लावायचा असेल तर लावू द्या. कपाळाला अंगारा आणि पोटात गोळी, दोन्ही एकत्र चालतात. मारहाण, उपास, साखळ्या असलं काही कुठल्या ठिकाणी सुचवलं तर मात्र स्पष्ट नाही म्हणायचं, आणि गोळ्या थांबवायला सांगितलं तरी नाही.

राहिली मुलगी. २३ वर्षांच्या मुलीला घरात काय चाललंय ते न कळण्याइतकी ती लहान नाही. तिला आणि मुलाला एकत्र बसवून सांगा: बाबांना आजार आहे, त्यात कुणाची चूक नाही, त्याला औषध आहे, आपण नेतोय. मुलाला जास्तीचं एक वाक्य सांगा, दारावर खोटं बोलायची जबाबदारी आता त्याची नाही. स्थळांचं म्हणाल तर एखाद-दोन महिने बघणं पुढे ढकला. एवढ्याने काही अडत नाही. पुढे एखादं स्थळ बैठकीपर्यंत आलं की त्यांना स्वतःहून सांगा, वडिलांना नैराश्य होतं, उपचार घेतले, पुन्हा शाळेत जातात. आई-वडिलांना असेल तर मुलांना धोका काहीसा वाढतो हे खरं, तसा तो मधुमेहातही वाढतो, आणि मधुमेह सांगून लग्नं होतात. एवढ्यावरून कुणी मोडलंच, तर उद्या तुमची लेक बाळंतपणानंतर उदास झाली असती तेव्हा त्या घराने तिला काय वागवलं असतं, याचा अंदाज तुम्हाला फुकटात मिळाला.

आणि तुम्ही. अख्ख्या पत्रात स्वतःबद्दल एक ओळ नाही. दीड वर्ष त्यांच्या पहाटे तीनच्या जागरणात तुम्हीही जाग्या असणार, एवढं मी समजू शकते. मिस्टरांना दाखवायला जाल तेव्हा स्वतःचं बीपी, साखर तपासून घ्या आणि झोप कशी आहे ते त्याच डॉक्टरांना सांगा. मध्येच कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे. ऑक्टोबर २०२२पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. आजारी माणसानेच फोन करायचा असतो असं नाही, घरच्यांनाही चालतो.

पण त्याआधी एकाच माणसाला खरं सांगा. तुमचा भाऊ असेल, नाहीतर मैत्रीण, ज्याच्याजवळ रडता येईल आणि जो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येईल असा कुणीतरी. हे पत्र वाचून झाल्यावर पहिला फोन त्याला, आणि त्याच फोनवर फवारणीचं औषध न्यायला सांगा.